काळा घोडा आणि म्युझियमचा परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत हुतात्मा चौकातून रीगल सिनेमाकडे चालत निघालं, की दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (लोकांच्या तोंडचं ‘म्युझियम’), आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी, दीडशे वर्षांचं वाचनालय आणि एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, लागतं. राज्यात कलेची आणि पुराणवस्तूंची एवढी दाट वस्ती दुसरीकडे नाही. तरीही आपल्यातले बरेच जण इथे एकदाच येऊन गेलेले असतात, तेही शाळेच्या सहलीत, रांगेत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. गावाकडून येणारे पाहुणे, शिक्षक, सुट्टीत परदेशातून आलेले नातेवाईक आणि मुंबईत आयुष्य काढलेली माणसंही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हा परिसर नेमका कुठून कुठपर्यंत?

उत्तरेला हुतात्मा चौक, दक्षिणेला रीगलचा चौक, पश्चिमेला ओव्हल मैदान आणि पूर्वेला शहीद भगतसिंग रस्ता अशी साधारण हद्द धरा. मधून महात्मा गांधी रस्ता जातो. हुतात्मा चौकाकडून आलात तर उजव्या हाताला विद्यापीठाचा मागचा भाग, वॉटसन हॉटेलची जुनी इमारत, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, डेव्हिड ससून वाचनालय आणि एल्फिन्स्टन कॉलेज. डाव्या हाताला काळा घोडा चौक, जहांगीर आणि मग झाडांआड म्युझियमचा घुमट. म्युझियमच्या समोरच्या बाजूला कावसजी जहांगीर हॉल, म्हणजे आजचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय.

ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यामुळे इथे इमारतीसुद्धा बघण्यासारख्या वस्तूंमध्येच मोडतात. वॉटसनचं उदाहरण घ्या. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतीव लोखंडाचे भाग घडवून ते इथे आणून जोडले गेले. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि भारतात सिनेमा आला. आज ती इमारत मोडकळीला आलेली, रिकामी आहे. आत जाता येत नाही, पण समोरच्या फुटपाथवर दोन मिनिटं थांबून ती जरूर बघावी.

काळा घोडा म्हणजे कुठला घोडा?

ब्रिटनचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला. काळ्या पडलेल्या धातूमुळे लोक त्याला काळा घोडा म्हणू लागले. १९६५ मध्ये पुतळा हलवला, नाव मात्र चौकातच राहिलं. आज तिथे दिसतो तो घोडा २०१७ चा. त्याच्या पाठीवर स्वार नाही. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची कल्पना आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांचं काम. मला हा नवा घोडा मनापासून आवडतो, कारण लोकांच्या तोंडी कायम घोडाच होता, राजा कधीच नव्हता.

इथे पोचायचं कसं?

पश्चिम रेल्वेने आलात तर चर्चगेट, मध्य किंवा हार्बरने आलात तर सीएसएमटी. चर्चगेटहून पंधरा मिनिटं, सीएसएमटीहून वीस मिनिटं चालावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते, तिचं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात सोयीचं. टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगायची गरज नाही, ‘म्युझियम’ म्हटलं की पुरे. गाडी घेऊन येऊ नका. पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते.

पुणेकरांना डेक्कन क्वीन उत्तम. सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या आत सीएसएमटी, संध्याकाळी पाचनंतर तीच गाडी परतीला. अलिबागकडच्यांनी मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरावं, तिथून म्युझियम दहा मिनिटांवर आहे. पावसाळ्यात मात्र गेटवेची लाँच बंद असते.

कुठल्या दिवशी यावं?

सोमवार टाळा. त्या दिवशी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवडाभर सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं, मात्र २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बंद. महाराष्ट्र दिनाची सुट्टी गाठून येणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. जहांगीर सकाळी अकराला उघडते आणि सातपर्यंत चालू असते. तिकिटांचे दर निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ऋतू विचाराल तर माझं मत पावसाळ्याला. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी लोकलच्या भरवशावर निघू नये हे खरं, पण जुलै-ऑगस्टच्या एखाद्या साध्या भुरभुर पावसाच्या मंगळवारी दालनं जवळजवळ रिकामी असतात.

एका दिवसात सगळं बघून होतं का?

होत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. एका दिवसात दोन वास्तू, त्यातली एक मोठी आणि एक छोटी, एवढंच ठरवा. वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर ही जोडी पहिल्या खेपेला चांगली. दुसऱ्या खेपेला आधुनिक कला संग्रहालय आणि सिनेगॉग.

वस्तुसंग्रहालयात सुमारे पन्नास हजार वस्तू आहेत. प्रत्येकीसमोर एक-एक मिनिट थांबायचं म्हटलं तर रोज दिवसभर आलात तरी साडेतीन महिने लागतील. लोक मग सगळं बघायचं ठरवून एकामागून एक कपाटं ओलांडत जातात, दीड तासात पाय भरून येतात आणि बाहेर पडल्यावर कुठलीच वस्तू आठवत नाही. त्यापेक्षा पाच वस्तू ठरवा. प्रत्येकीसमोर दहा मिनिटं उभे राहा. आधी फलक वाचू नका, आधी वस्तू बघा. तिला वळसा घालता येत असेल तर घाला. मग फलक वाचा आणि पुन्हा बघा. दुसऱ्यांदा बघताना नवीन काहीतरी दिसतंच.

मग वस्तुसंग्रहालयात कुठल्या पाच गोष्टी बघू?

माझी यादी सांगतो. तुमची वेगळी असू शकते, असावीच.

पहिली, प्रवेश केल्यावरचं मधलं दालन. लोक तिकीट हातात घेऊन इथून घाईने पुढे जातात. थांबा आणि वर बघा. बाहेरून विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट, आणि आत त्याच्या खाली लाकडी काम: पैलू पाडलेले खांब, त्यांच्या माथ्याशी तुळयांना आधार देणारे कोरीव हस्त, जाळीचे कठडे. हे लाकूड नाशिकच्या अठराव्या शतकातल्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवलेलं आहे. वाड्याच्या चौकात उभं राहून माडीकडे मान वर करून पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं. जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुविशारदाने विजापूरचा घुमट आणि नाशिकचं लाकूड एका छताखाली आणलं, आणि ते कुठेही जोड दिल्यासारखं वाटत नाही.

दुसरी, सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख. आकाराने लहान, दिसायला साधा, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा हा तुकडा सापडला. ब्राह्मी अक्षरं, इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. विरार लोकलने रोज नालासोपाऱ्याहून चर्चगेटला येणाऱ्या माणसाने तर हा दगड बघायलाच हवा. आज जिथे चाळी आणि टॉवर आहेत, तिथे बावीसशे वर्षांपूर्वी एक भरभराटीचं बंदर होतं आणि सम्राटाला आपलं म्हणणं तिथल्या लोकांपर्यंत पोचवावंसं वाटलं. अक्षरं नीट निरखून पाहा. ‘क’ अगदी अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. मुलांना तो शोधायला सांगा.

तिसरी, मीरपूर खासच्या मृण्मूर्ती. सिंधमधल्या एका बौद्ध स्तूपाच्या भिंतींवर त्या बसवलेल्या होत्या, गुप्तकाळाच्या आसपासच्या. बुद्धमूर्ती सुंदर आहेतच, पण माझे पाय थांबतात ते हातात फुलं घेऊन उभ्या असलेल्या भक्ताच्या मूर्तीपाशी. देव नाही, राजा असल्याची खूण नाही. माती भाजून केलेला चेहरा, तरी ओठांची ठेवण इतकी मृदू, की समोरचा माणूस काही बोलायच्या बेतात आहे असं वाटतं.

चौथी, घारापुरीची आणि कर्नाटकातल्या ऐहोळेची शिल्पं. घारापुरीची महिषासुरमर्दिनी भंगलेली आहे, हात आणि शस्त्रं शाबूत नाहीत, पण कमरेतून घेतलेल्या वळणात सगळा आवेग शिल्लक आहे. ऐहोळ्याच्या देवळाच्या छतातला ब्रह्मदेव सातव्या शतकातला. हे शिल्प मुळात डोक्यावर, छताला होतं हे लक्षात ठेवून बघितलं तर त्याची रचना वेगळी कळते.

पाचवी गोष्ट तुम्ही निवडा. अकबराच्या नावाचं १५८१ चं छातीवरचं चिलखत आहे. प्राचीन इराकमधल्या असिरियन राजवाड्यांच्या भिंतींवरचे दगडी शिल्पपट आहेत. मुघल, दख्खनी, पहाडी लघुचित्रं आहेत, त्यांच्यासाठी चष्मा विसरू नका. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आणि युरोपीय तैलचित्रं आहेत. माझ्या ओळखीतल्या एका आजींना दरवेळी फक्त हरितमण्याच्या (जेडच्या) वाट्या बघायच्या असतात, आणि त्या अर्धा तास तिथेच रमतात. म्युझियम बघण्याची हीच खरी रीत आहे असं मला वाटतं.

ऐकण्याचं मार्गदर्शन (ऑडिओ गाइड) मराठीतही मिळतं. तिकीट खिडकीवर विचारा आणि आवर्जून मराठीच मागा. मागणी असली की सोय टिकते.

नाव शिवाजी महाराजांचं आहे, मग महाराजांच्या वस्तू आहेत का?

हा प्रश्न दर सुट्टीत दारात ऐकू येतो, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. संग्रहालयाला महाराजांचं नाव १९९८ मध्ये मिळालं. त्याआधी त्याचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं. संग्रह मुळात भारतीय कला, पुरातत्त्व आणि निसर्गविज्ञान यांचा आहे. शस्त्रांचं दालन आहे आणि ते बघण्यासारखं आहे, पण शिवचरित्राचं संग्रहालय बघायच्या अपेक्षेने येऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली.

हे सगळं उभं राहिलं कोणाच्या पैशातून?

बऱ्याच अंशी मुंबईकरांच्या. १९०५ मध्ये आलेल्या युवराजाच्या, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जच्या, भेटीची आठवण म्हणून संग्रहालय बांधायचं शहरातल्या प्रतिष्ठित नागरिकांनी ठरवलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी पाया घातला गेला. सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख रुपये दिले, सरकार आणि पालिकेनेही हातभार लावला. १९०९ च्या स्पर्धेतून विटेटचा आराखडा निवडला गेला. कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण तोवर महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी रुग्णालय भरलं. लोकांसाठी दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी.

आत ठेवायच्या वस्तूही तशाच आल्या. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये घेतला गेला, मग टाटा बंधूंचे संग्रह आले. निसर्गविज्ञान विभाग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. १९२६ मध्ये त्या विभागात लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर एक तरुण रुजू झाला, त्याचं नाव सालिम अली. कावसजी जहांगीर हॉल आणि जहांगीर आर्ट गॅलरी एकाच पारशी घराण्याच्या देणगीतून झाल्या. ससून घराण्याचा पैसा वाचनालयात, सिनेगॉगमध्ये आणि घोड्यातही आहे. मुसलमान, पारशी, ज्यू, गुजराती अशा सगळ्यांनी मिळून उभी केलेली ही ठेव आहे. ती बघायला आपण जाणं हे मला त्यांच्या ऋणाची आठवण ठेवण्यासारखं वाटतं.

चित्र विकत घ्यायचं नाही, तरी जहांगीरमध्ये जाता येतं का?

येतं. तिकीट नाही, नाव लिहायची सक्ती नाही, कोणी अडवत नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जहांगीर १९५२ मध्ये सुरू झाली. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला आणि सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला. आत अनेक दालनं आहेत, वरच्या मजल्यावर छायाचित्रांसाठी वेगळं दालन आहे. प्रदर्शनं साधारण आठवडाभराची असतात, त्यामुळे महिन्यात चार वेळा गेलात तर चार वेळा नवं काही दिसतं. इथली तारीख मिळवण्यासाठी चित्रकार काही वर्षं थांबतात. कोल्हापूर, सांगली, नाशिक, कोकण, गोवा, कुठून कुठून लोक टेम्पोत चित्रं घालून येतात. त्या सात दिवसांत चित्रकार स्वतः दालनात बसलेला असतो, आणि कोणी येऊन दोन शब्द बोलावेत याची वाट बघत असतो.

तेव्हा बोला. ‘किंमत किती’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण त्याआधी ‘हा रंग कसा केलात’, ‘हे गाव कुठलं’ असं काहीही विचारून बघा. पाच मिनिटांत तुम्हाला समोरच्या चित्राबद्दल कुठल्याही फलकावर सापडणार नाही ते कळेल. कोणी कपडे बघून तुम्हाला जोखत नाही. फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या कलाकारांनाही असंच विचारा. तिथे समोर बसून पेन्सिलीने चेहरा काढून घेता येतो, आणि कित्येकदा तो हात आतल्या हाताइतकाच पक्का असतो.

आधुनिक चित्रं कळत नाहीत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाऊन काय करू?

इमारतीपासून सुरुवात करा. १९११ चा हा हॉलही विटेटचाच. पूर्वी इथे सभा आणि मैफली होत. नंतर वास्तू दुर्लक्षित झाली, शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि इतर कलावंतांनी पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. आतली रचना अर्धवर्तुळाकार आहे. जिन्याने फिरत वर गेलं की मधल्या पोकळीतून खालच्या मजल्यावरची चित्रं दुरून पुन्हा दिसतात. मघाशी जवळून न उलगडलेलं मोठं चित्र वरून एकदम जुळून येतं, हा अनुभव या इमारतीतच मिळतो.

कळण्याची घाई करू नका. आपल्या मातीतले चित्रकार धरून सुरुवात केली तर सोपं जातं. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात गोव्याच्या साळगावचे सोझा होते, रझा, हुसेन आणि आरा होते, सदानंद बाकरे आणि गाडे होते. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे पुढे त्यांच्याशी जोडले गेले. अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन याच संग्रहालयात २०१९ मध्ये झालं. त्याआधी कोल्हापूरहून आलेल्या रावबहादुर धुरंधरांचंही झालं होतं. इथली प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी सध्या काय चालू आहे ते बघा. दोन प्रदर्शनांच्या मधे मांडणीसाठी दालनं बंदही असतात.

लहान मुलांना घेऊन गेलं तर कंटाळतील का?

सगळं दाखवत सुटलात तर नक्की कंटाळतील. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, जुन्या गोरखचिंचेच्या सोबतीने उभं असलेलं. आधी तिथे न्या. मग निसर्गविज्ञान विभागातले प्राणी-पक्ष्यांचे देखावे. त्यानंतर मुलांना स्वतःला एक वस्तू निवडू द्या आणि वहीत तिचं चित्र काढू द्या. पेन्सिल न्या, रंग आणि शाईपेन नको.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. शंभर मुलांची रांग चाळीस मिनिटांत सगळ्या मजल्यांवरून फिरवू नका. सहलीआधी संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी बोला, एकच दालन ठरवा, मुलांना गटांत वाटा. इयत्ता पाचवी-सहावीला प्राचीन भारताचा इतिहास शिकवून झाल्यावर अशोकाचा तो दगड प्रत्यक्ष समोर उभा करणं ही मोठी संधी आहे, ती वाया जाते तेव्हा वाईट वाटतं. मुंबईला येणं शक्यच नसेल तर संग्रहालयाची फिरती बसही आहे. २०१५ पासून ती शाळांत आणि गावांत जाते.

ज्येष्ठांना जमेल का?

वस्तुसंग्रहालयात चाकाची खुर्ची मिळते. आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. जहांगीरची मुख्य दालनं तळमजल्यावर आहेत. सिनेगॉगचं प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर आहे आणि जिना चढावा लागतो. सकाळी उघडताक्षणी आलेलं बरं. दुपारनंतर गर्दी वाढते आणि बाकं भरलेली असतात.

फोटो काढता येतात का? सामान कुठे ठेवायचं?

मोठ्या पिशव्या वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी सामानघरात ठेवाव्या लागतात. फोटोचे नियम ठिकाणानुसार आणि प्रदर्शनानुसार वेगळे आहेत, दारात विचारा. फ्लॅश कुठेच नको, जुन्या रंगांना आणि कागदाला तीव्र प्रकाश सोसत नाही. जहांगीरमध्ये चित्रकार समोरच असतो, त्याला विचारून मग फोटो काढा.

जेवायचं कुठे?

दुबाश मार्गावर चेतना आहे, थाळी मिळते आणि शेजारी पुस्तकंही. जहांगीरच्या आत ‘समोवार’ नावाचं उपाहारगृह होतं, कित्येक चित्रकारांची आणि लेखकांची उमेदीची वर्षं तिथल्या चहावर गेली. ते २०१५ मध्ये बंद झालं, आजही लोक शोधत येतात. कुलाब्याकडे दहा मिनिटं चाललात तर कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. वडापाव आणि चहा तर पावलोपावली.

वाचनालय आणि सिनेगॉग बाहेरच्यांना बघता येतं का?

डेव्हिड ससून वाचनालय सभासदांसाठी आहे, पण दर्शनी भाग आणि दारातला डेव्हिड ससून यांचा संगमरवरी पुतळा रस्त्यावरून आलेल्या कोणालाही बघता येतो. टाकसाळ आणि गोदीतल्या कारागिरांनी १८४७ मध्ये चालू केलेल्या संस्थेचं हे घर, १८७० मध्ये बांधून झालं. शेजारच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आहे. याच कॉलेजातून शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये पदवीधर झाले.

केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं, २०१९ मध्ये त्याची सुंदर डागडुजी झाली. ओळखपत्र जवळ ठेवा, तपासणी होते. शनिवार हा त्यांच्या प्रार्थनेचा दिवस आहे, त्या दिवशी फक्त बघायला म्हणून जाऊ नका. रंगीत काचांतून येणारा उजेड सकाळी वेगळा, दुपारी वेगळा.

फेब्रुवारीतल्या महोत्सवात यावं का?

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, साधारण नऊ दिवस चालतो आणि प्रवेश विनामूल्य असतो. गाणं, नाटक, रस्त्यावरची मांडणशिल्पं, हस्तकलेची दुकानं, सगळं असतं. त्यासाठी जरूर या. पण त्या शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. संग्रहालयं शांतपणे बघायची असतील तर महोत्सव नसलेला आठवडा धरा.

आमच्या घरी जुन्या मूर्ती, पोथ्या आहेत. संग्रहालयात दाखवल्या तर सरकार जप्त करेल का?

या भीतीपोटी माळ्यावर कितीतरी चांगल्या वस्तू वाळवीच्या तोंडी जातात. त्यामुळे कायदा थोडक्यात सांगतो. १९७२ च्या पुराणवस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, नाणी, कलावस्तू या पुराणवस्तू ठरतात. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू घरात बाळगणं गुन्हा नाही. ठरावीक प्रकारांची, उदाहरणार्थ दगडी व धातूची शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितं यांची, नोंदणी मात्र करावी लागते. नोंदणी झाली तरी मालकी तुमचीच राहते. पुराणवस्तू विकण्याचा धंदा करायचा असेल तर मात्र परवाना लागतो.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंचा नियम वेगळा आहे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा, मूर्ती असं काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. वस्तू धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंच लावून चकचकीत तर मुळीच करू नका. तांब्या-पितळेवर चढलेल्या थरातच तिच्या वयाचा पुरावा असतो. जिथे सापडली ती जागा आणि खोली लिहून ठेवा, फोटो काढा.

पोथ्यांना खरा धोका दमट हवेचा आणि सेलोटेपचा असतो. फाटलेलं पान टेपने चिकटवू नका, सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, त्यांचा सल्ला घेता येतो.

परदेशात राहतो. कुलाब्यातून किंवा चोर बाजारातून जुनी वस्तू घेऊन जाता येईल का?

खरी पुराणवस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आजोबांची असली तरी. जुनी दिसणारी पण प्रत्यक्षात नवी वस्तू नेताना विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला आधीच घ्यावा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांची चित्रंही कलानिधी म्हणून देशातच राहिली पाहिजेत. भेट म्हणून काही न्यायचंच असेल तर जहांगीरमध्ये आज बसलेल्या चित्रकाराचं चित्र घ्या. पावती घ्या, दालनाचं पत्र घ्या, आणि निर्धास्त जा.

त्याच दिवशी घारापुरी करता येईल का?

करू नका. गेटवेहून लाँचला जायला तासभर आणि यायला तासभर लागतो, शिवाय लेणी सोमवारी बंद. पण क्रम सुचवतो: आधी म्युझियममधली घारापुरीची शिल्पं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लाँचने लेणी. सुटे तुकडे जवळून पाहिलेले असले की गुहेतला सदाशिव समोर आल्यावर नजर कुठे न्यायची ते कळतं.

आणि काळ्या घोड्यावरच्या राजाचा मूळ पुतळा? तो कुठे बघायला मिळेल?

भायखळ्याला, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला. ते संग्रहालय १८७२ पासूनचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. शहराचे नकाशे, कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृती असं पुष्कळ काही तिथे आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा. राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते, तो वार सोडून जा.